धुऱ्याची भूमिती

महाराष्ट्रातील इयत्ता दहावीच्या भूमितीच्या पाठ्यपुस्तकात पहिलेच प्रकरण समरूपतेचे आहे. दोन त्रिकोण समरूप असतील तर त्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर हे संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढे असते, हे प्रमेय त्यात सिद्धतेसह दिलेले आहे आणि परीक्षेच्या तोंडावर राज्यातील लक्षावधी मुले ते घोकीत असतात. परीक्षा सरली की प्रमेयही सरते. मुंबई-पुण्याच्या मुलाला हे विस्मरण परवडत असेल. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाला ते परवडण्यासारखे नाही. कारण ज्या जमिनीवर त्याचे घर चालते, तिची वाटणी, तिचा नकाशा, तिच्यातले पाणी आणि तिच्यावरील फवारणी या सर्वांच्या मुळाशी हेच एक प्रमेय बसलेले आहे.

उदाहरणादाखल नाल्याकाठचे एक शेत घ्यावे. पैनगंगेच्या किंवा अडाणच्या खोऱ्यात अशी एका टोकाला निमुळती होत गेलेली शेते पुष्कळ दिसतात. समजा, शेताचा पाया २०० मीटर आणि टोकापर्यंतची उंची २०० मीटर आहे. म्हणजे क्षेत्र २ हेक्टर. वडील गेल्यावर दोघा भावांत वाटणी करायची ठरते. गावातील चार जाणती माणसे टोकापासून पायापर्यंत दोर धरतात, दोराची घडी घालून मध्य काढतात आणि तेथे पायाला समांतर असा नवा धुरा टाकतात. दोर निम्मा झाला, शेत मात्र निम्मे होत नाही. टोकाकडच्या भावाच्या वाट्याला अवघे ५० आर येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला दीड हेक्टर. आता टोक लहान आहे हे डोळ्यांनाही दिसते. पंच मंडळी काही आंधळी नसतात. ती म्हणतात, धुरा थोडा खाली घ्या. आणि वीस मीटर खाली घेतात. तरीही हिशेब ७२ आर आणि १२८ आर असाच राहतो. समान वाटणीसाठी धुरा टोकापासून सुमारे १४१ मीटरवर असावयास हवा. एवढा तो सरकवावा असे अनुभवी नजरेलाही सुचत नाही, कारण नजर लांबी मोजते; क्षेत्रफळ तिला मोजता येत नाही. येथे कोणाच्याही मनात खोट नसते. खोट मनात शिरते ती पुढे, दोन्ही भावांच्या बियाण्याच्या पाकिटांचा हिशेब जुळेनासा होतो तेव्हा. मग धुरा कोरण्याचे आरोप, मोजणीचे अर्ज, वकिलाचे उंबरठे. दिवाणी दाव्यांत पिढ्या घालविणाऱ्या भाऊबंदकीला स्वभावदोष मानण्याची आपल्याकडे रीत आहे. तिच्यातील काही भाग तरी वर्गमूळ न काढल्याचा परिणाम असावा, ही शक्यता कोणी ध्यानात घेत नाही.

नकाशाची कथा याहून निराळी नाही. ज्या नकाशावर १ : ५००० असे प्रमाण लिहिलेले असते, त्यावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५० मीटर. एक चौरस सेंटिमीटर मात्र २५ आर. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तर जमिनीवर तिने अडीच मीटर जागा खाल्लेली असते; शंभर मीटर लांबीच्या धुऱ्यावर ती अडीच आर होते. त्यात भर पडते झेरॉक्सची. तहसीलच्या आवारातील दुकानदार मोठा नकाशा लहान कागदावर बसवून देतो. ए-३ आकाराचा ए-४ झाला की प्रत्येक लांबी सुमारे ७१ टक्के उरते आणि प्रत्येक क्षेत्र निम्मे. कोपऱ्यातील १ : ५००० ही अक्षरे मात्र तशीच राहतात. खरे प्रमाण तोवर १ : ७०७० च्या आसपास गेलेले असते. त्या कागदावर पट्टी ठेवून जो आपले क्षेत्र काढील, त्याला स्वतःचे अर्धे शेत कोणी तरी गिळल्याचा भास होणारच. नकाशावर आकड्यांऐवजी मापाची पट्टी काढलेली असेल तर नकाशासोबत तीही आकसते आणि फसवणूक टळते. एवढी साधी गोष्ट शाळेत कोणी सांगितलेली नसते.

जुन्या मापांनी या गोंधळाला आणखी हातभार लावला आहे. ३३ फुटांची साखळी, ३३ फूट लांब-रुंद तो गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे गणित वऱ्हाडच्या अंगवळणी पडले आहे. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, तर आर सुमारे १०७६ चौरस फुटांचा; दोन्ही एकच समजले तर एकरामागे जवळजवळ अर्ध्या गुंठ्याची तफावत येते. ती सोसता येते. एकर आणि हेक्टर यांत गल्लत झाली तर मात्र आकडा जवळजवळ अडीच पटींनी चुकतो. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई ही सारी क्षेत्राशी गुणूनच येतात, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीचे आर्थिक वजन कळते.

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना राज्यात २०१६ साली सुरू झाली. तिच्यात लहानात लहान तळे १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद व ३ मीटर खोल आणि मोठ्यात मोठे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व तेवढेच खोल होते. बाजू निम्मी, म्हणजे पाणी निम्मे, असा सर्वसाधारण समज. भूमिती थोडी जाणणारा म्हणेल, पाव. दोन्ही उत्तरे चूक आहेत. तळ्याच्या भिंतींना उतार द्यावा लागतो. तो मीटरला मीटर धरला तर मोठ्या तळ्याचा तळ २४ मीटरचा राहतो आणि त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते; लहान तळ्याचा तळ ९ मीटरवर येतो आणि त्यात जेमतेम ४ लाख ४१ हजार लिटर. म्हणजे पाचवा हिस्सा. उन्हाने तापणारा पाण्याचा पृष्ठभाग मात्र पाचवा हिस्सा नसून चौथा. थेंबामागे बाष्पीभवनाचा कर लहान तळ्यालाच अधिक बसतो. एका हेक्टरला ५ सेंटिमीटरचे एक संरक्षित पाणी द्यायचे तर ५ लाख लिटर लागतात. लहान तळे काठोकाठ भरले तरी ते एक हेक्टर भिजवू शकत नाही. मोठे, गळती व वाफ वजा जाता, तीन-चार हेक्टरांवरील कपाशीला ऐन बोंडे भरण्याच्या वेळी तारू शकते. जागा वाचवावी म्हणून लहान तळे मागणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब अर्ज भरण्यापूर्वी मांडता आला पाहिजे.

आणि फवारणी. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याचा दोष गणितावर ढकलणे अन्यायाचे होईल. औषधांची सरमिसळ, संरक्षक साधनांचा अभाव, सुस्त यंत्रणा अशी कारणे चर्चिली गेलीच आहेत. तथापि त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती, हेही सांगितले गेले. झाड चार फुटांचे सहा फूट झाले आणि त्याच प्रमाणात पसरले, तर त्याचा बाह्य पृष्ठभाग दीडपट न होता सव्वादोनपट होतो. फवारा सव्वादोनपट, वेळ सव्वादोनपट, आणि नळीचे तोंड कमरेवरून थेट चेहऱ्यासमोर. त्यातच हेक्टरची मात्रा एकरावर गेली, तर विषाचे प्रमाण किती होते ते वाचकांनीच ताडावे.

यावर असे म्हटले जाईल, की आता मोजणी उपग्रहाच्या आधाराने रोव्हर यंत्रावर होते, अर्ज संगणकावर जातो, तेव्हा शेतकऱ्याने त्रिकोण कशाला सोडवावेत? या म्हणण्यात तथ्य आहे आणि यंत्राची अचूकता साखळीला कधीच लाभली नव्हती. पण यंत्र बिंदू देते. त्या बिंदूंवरून आलेला आकडा आपल्या धुऱ्याशी जुळतो की नाही हे विचारण्याची हिंमत ज्याला अदमास आहे त्यालाच होते. पूर्वी साखळी धरणाऱ्याचा शब्द प्रमाण होता, आता पडद्यावरील आकडा प्रमाण ठरेल. शेतकऱ्याच्या परावलंबनात त्याने काय फरक पडणार? भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली ती त्रैराशिक आणि सावलीची गणिते व्यवहारासाठी घालूनच. आपण त्याच विषयाला ‘सिद्ध करा’ आणि ‘पक्ष, साध्य’ यांच्या चौकटीत कोंडले. सिद्धता नको असे नव्हे, तिच्यावाचून प्रमेय हे निव्वळ पाठांतर होते. परंतु पाठ्यपुस्तकातील एबीसी आणि पीक्यूआर या त्रिकोणांना कधी तरी नाला, धुरा आणि गट क्रमांक मिळावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

दहावीच्या गणितात बीजगणिताला ४० व भूमितीला ४० गुण आहेत. उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. हे २० गुण बहुधा कसे दिले जातात, हे शिक्षक आणि पालक दोघेही जाणतात. घाटंजी, आर्णी, महागाव, झरी-जामणी अशा तालुक्यांतील शाळांनी त्यांपैकी निम्मे तरी एका कामासाठी राखून ठेवावेत : विद्यार्थ्याने गावनकाशावरून एका शेताचे क्षेत्र काढावे, मग त्या शेतात जाऊन ते मोजावे, आणि दोन उत्तरांत फरक आला तर तो का आला हे चार ओळींत लिहावे. शेत त्याचे नसले तरी चालेल. गावात शेते असतातच. त्यासाठी वेगळे अनुदान नको, प्रशिक्षणवर्ग नकोत. ३० मीटरची एक फीत, थोडा दोर, आणि शाळेच्या भिंतीवर लावलेली गावनकाशाची प्रत एवढे पुरे; मात्र ती प्रत मूळ मापाचीच हवी, झेरॉक्सवाल्याने लहान केलेली नको.