भाजीचें ताट आणि रिकामा डबा

महागाई वाढली कीं गृहस्थाच्या खर्चांतून प्रथम पालेभाजी गळते. आणि जी थोडी शिजते ती इतरांच्या ताटांत जाऊन घरची स्त्री कोरड्या भाकरीवर भागविते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयानें पीडित आढळल्या, ही गोष्ट समाजास लाजविणारी होय. परसबाग हा यावर संपूर्ण उपाय नव्हे. परंतु ताटांत मूठभर पाला तरी ती खास घालील.

जागा व पैसा कोठून आणावा, असें कित्येक विचारतील. कुंड्यांचा थाट हवा कोणास? तेलाचा रिकामा डबा धुवून त्याच्या तळाशीं भोंकें पाडावीं, माती व कुजलेलें शेणखत भरावें, आणि चार-पांच तास ऊन लागेल तेथें तो ठेवावा. बीं तर फडताळांतच आहे. मेथी रात्रभर भिजवून पेरावी. महिन्याभरांत ती खुडतां येते. धणे हलके रगडून, दोन फांकी करून पेरावे. तांदूळ धुतलेलें पाणीही वायां दवडूं नये.

व्यापारी बंधूंनीं रिकामे डबे भंगारांत घालण्यापूर्वीं गरजू शेजाऱ्यांस द्यावे, अशी आमची विनंति आहे. मात्र हें काम स्त्रीच्या डोक्यावर नवें ओझें म्हणून लादूं नये. गृहस्थानें स्वतः रोज सकाळीं तांब्याभर पाणी घालावें. आणि पहिली जुडी निघेल तेव्हां ती कोणाच्या ताटांत पडते, हेंही त्यानेंच पाहावें.