वाकायचं कोणी?

पवईला राहतो म्हटलं की लोक ‘हिरानंदानीत का?’ म्हणून भुवया वर करतात. आम्ही आयआयटीच्या मेन गेटसमोरच्या गल्लीत राहतो. हिरानंदानी आम्हाला गच्चीवरून दिसते, तीही पाण्याच्या टाकीवर चढल्यास. तर अशा या पवईत, गेल्या वर्षी जूनमध्ये, कन्या वरच्या वर्गात गेली त्याच आठवड्यात आमची सौ. म्हणाली, “अहो, मी पुन्हा नोकरी करीन म्हणते.”

आम्ही दोघं एकाच कॉलेजचे बी.कॉम. ती फर्स्ट क्लास, अस्मादिक पास, तेही तिच्या नोट्सवर. बँकेत क्लार्क मात्र मी झालो.

बातमी फुटली आणि सल्लागार जमले. आई म्हणाली, “शाळेत लाग, पोरीबरोबर जायचं, पोरीबरोबर यायचं.” शेजारच्या काकूंनी शिकवण्या सुचवल्या. मेहुण्यांनी विम्याची एजन्सी सुचवली. ते स्वतः विमा उतरवून घ्यायला आजवर तयार झालेले नाहीत. मी साहेबाच्या सुरात म्हणालो, “काहीतरी फ्लेक्सिबल बघ.” मी फ्लेक्सिबल व्हावं असं एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

तसं काम मिळालंही. घरून हिशेब लिहायचे, ‘वेळ तुमची’. पगाराऐवजी मानधन. त्यात मान नव्हता आणि धन जुन्या पगाराच्या निम्मं होतं. फंड नाही, रजा नाही. ‘वेळ तुमची’ म्हणजे काय ते पहिल्याच आठवड्यात कळलं. सकाळी डब्यांची वेळ, दुपारी त्यांची वेळ, चारला पोरीची वेळ आणि रात्री अकराला पुन्हा त्यांचा फोन, “मॅडम, ते जीएसटीचं झालं का?” बँकेच्या भाषेत याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. पण वाचकहो, ओव्हरड्राफ्टलासुद्धा मर्यादा ठरलेली असते!

मी कुरकुरलो तेव्हा काकूंनी लिज्जतचा दाखला दिला. “त्या बायका नाही का घरी बसून पापड लाटत?” लाटतात, काकू. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली, हे मलाही ठाऊक आहे. पण तिथला हिशेब नीट बघा. पीठ संस्था मळते, विकायचं संस्था बघते, कित्येक ठिकाणी न्यायला-आणायला गाडी असते. बाईने पीठ मोजून न्यायचं, सवडीनं लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड देऊन पैसे घ्यायचे. रात्री अकराला ‘पापड गोल आहे का’ म्हणून फोन येत नाही. मुख्य म्हणजे ती तिथे मालकीण असते, नफ्यात तिचा वाटा असतो. तिथे काम बाईसाठी वाकतं. आमच्याकडे कामासाठी बाई वाकत होती आणि या वाकण्यालाच सगळे सवलत म्हणत होते.

कायद्याचंही तेच. 2017 साली दुरुस्ती झाली, बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 झाली. उत्तम. 50 वा अधिक माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, असंही ठरलं. आमची कन्या त्याच वर्षी दिवाळीत झाली. हिच्या कचेरीत माणसं अठरा. तेव्हा सव्विसाव्या आठवड्यानंतर पाळणाघर म्हणजे ही स्वतःच! आणि मोठ्या कचेरीतसुद्धा चार खेपा आईच्या, बापाची एकही नाही. कायदा करणाऱ्यांनाही बाप आठवला नाही, तर आमच्या काकूंना काय बोल लावायचा? मला बँकेने पंधरा दिवस दिले होते. त्यातले अकरा मी झोपून काढले.

हे सगळं मी एका रात्री जेवताना तावातावाने मांडलं. माझं मत स्पष्ट आहे. फ्लेक्सिबल हवं तर पुरा पगार, फंड आणि ज्येष्ठता राखून हवं आणि ते बापालाही हवं. नुसत्या आईला दिलं की ती ‘अर्धी नोकरी’ होते, मग साहेबही तिला अर्धंच माणूस धरतो.

सौ.ने शांतपणे आमटी वाढली. म्हणाली, “बरं झालं तुम्हीच बोललात. मी हे काम सोडतेय. कांजूरमार्गला एका कचेरीत मिळालंय, साडेनऊ ते सहा, फंडासकट. तेव्हा शुक्रवारी दोनला पालकसभा आहे, तिला तुम्ही जा.”

“शुक्रवारी? अगं, महिनाअखेर आहे!”

“माझीही.”

माझा आवेश त्या आमटीत कुठे विरघळला कळलं नाही. एरवी युनियनच्या सभेत मी अर्धा तास बोलतो, इथे दुसरं वाक्य सुचेना.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी काळजीने विचारलं, “मिसेस बऱ्या नाहीत का?”

“बऱ्या आहेत. कामावर आहेत.”

साहेबांनी चष्मा लावला आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.