बत्तीस शिराळ्याची नागपंचमी
रूढी मोडली की धर्म बुडाला, अशी हाकाटी आपल्याकडे नेहमीचीच. पूर्वी सातारा व आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीस जिवंत नाग पूजीत व मिरवीत असत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग धरण्यास बंदी केली. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही या प्रथेस मनाई केली. तरी जिवंत नागाच्या पूजेची मागणी थांबलेली नाही.

शिराळकरांचे नागप्रेम खोटे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. नाग दिसताच काठी उगारणाऱ्यांनी ते त्यांच्यापासून शिकावे. परंतु प्रिय जीवास मडक्यात कोंडणे व गर्दीपुढे फणा काढावयास लावणे, ही कोणती भक्ती? गोरक्षनाथांनी एका गृहिणीस जिवंत नाग पूजावयास दिला, अशी तेथील आख्यायिका आहे. पण त्यापूर्वी ती माउली मातीचाच नाग पूजीत होती. तिची भक्ती उणी होती, असे कोण म्हणेल? शिराळकरांनी घरोघरी तोच मातीचा नाग पूजावा, आणि उंदरांपासून धान्य राखणारा खरा नाग बांधावर मोकळा राहू द्यावा, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.