विश्लेषण : कादंबरीवरच्या गाण्याला खुलाशाचे स्टिकर का लावावे लागले? ‘किलिंग ॲन अरब’चा वाद नेमका काय?

गाण्याच्या अल्बमवर ‘या गाण्याचा चुकीचा अर्थ काढू नका’ असे स्टिकर चिकटवावे लागले, असे सहसा होत नाही. ‘द क्युअर’ या ब्रिटिश बँडवर 1987च्या सुरुवातीला अमेरिकेत ही वेळ आली. ज्या गाण्यामुळे ती आली, ते तेव्हा आठ वर्षे जुने होते. नाव ‘किलिंग ॲन अरब’, म्हणजे ‘एका अरबाला मारताना’. चाळीस वर्षांनंतरही हे नाव वाचून पहिल्यांदा दचकायला होतेच.

गाणे आले कुठून?

लंडनच्या दक्षिणेला क्रॉली नावाचे गाव आहे. तिथल्या शाळकरी मित्रांनी मिळून हा बँड काढला. गायक-गिटारवादक रॉबर्ट स्मिथ, ड्रमवर लॉल टोलहर्स्ट आणि बेस गिटारवर मायकेल डेम्प्सी. डिसेंबर 1978मध्ये ‘स्मॉल वंडर’ या छोट्या कंपनीने त्यांचे पहिले सिंगल बाजारात आणले, ते हेच. स्मिथ तेव्हा 19 वर्षांचा होता. पंक संगीताचा पहिला भर ओसरत होता आणि त्याच आडदांडपणात पुस्तके, चित्रपट, विचित्र सुरावटी मिसळणारे नवे बँड उभे राहत होते. पुढे त्यांना ‘पोस्ट-पंक’ म्हटले गेले. ‘द क्युअर’चे ‘शार्लट समटाइम्स’ (1981) हे गाणेही पेनेलपी फार्मर यांच्या कादंबरीवरूनच आले आहे.

‘किलिंग ॲन अरब’चा आधार आहे आल्बेर काम्यू यांची 1942ची फ्रेंच कादंबरी ‘लेत्रांजे’, इंग्रजीत ‘द स्ट्रेंजर’ किंवा ‘द आउटसायडर’. कथा फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियातली. मर्सो हा फ्रेंच वंशाचा कारकून रणरणत्या उन्हात समुद्रकिनाऱ्यावर एका अरब माणसाला गोळी घालतो. थोडे थांबून आणखी चार गोळ्या झाडतो. का, याचे धड उत्तर त्याच्याकडे नसते. खटल्यात मात्र खुनापेक्षा जास्त चर्चा होते ती आईच्या अंत्यविधीला तो रडला नाही याची.

स्मिथने किनाऱ्यावरचा तो क्षण अडीच मिनिटांच्या आत बसवला आणि गाणे खुन्याच्याच तोंडी दिले. गिटारची सुरावट मुद्दाम अरबी वळणाची ठेवली. कादंबरी वाचलेल्याला संदर्भ लगेच लागतो. न वाचलेल्याच्या हाती फक्त शीर्षक उरते.

मग आठ वर्षांनीच वाद का?

कारण गाण्याचा श्रोता बदलला. 1986मध्ये बँडचा ‘स्टँडिंग ऑन अ बीच’ हा निवडक गाण्यांचा संग्रह आला आणि अमेरिकेत तो ‘इलेक्ट्रा’ या मोठ्या कंपनीने काढला. संग्रहातले पहिलेच गाणे हे. संग्रहाचे नावही याच गाण्यातून उचललेले. ब्रिटनमध्ये ठरावीक रसिकांनी ऐकलेले गाणे आता अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांवर पोहोचले आणि काही निवेदक ते अरबांविरुद्धच्या शेरेबाजीसह वाजवत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या.

‘अमेरिकन-अरब अँटी-डिस्क्रिमिनेशन कमिटी’ने आक्षेप घेतला. माजी सिनेटर जेम्स अबुरेझ्क यांनी 1980मध्ये स्थापन केलेली ही संस्था. तिची तक्रार ‘भावना दुखावल्या’ छापाची म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती. 11 ऑक्टोबर 1985 रोजी संस्थेचे पश्चिम किनाऱ्याचे प्रादेशिक संचालक अ‍ॅलेक्स ओडे कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे कार्यालयाचे दार उघडताना बॉम्बस्फोटात ठार झाले होते. पुढच्या एप्रिलमध्ये अमेरिकेने लिबियावर बॉम्बफेक केली. अशा दिवसांत ज्यांचा सहकारी मारला गेला होता, त्यांना रेडिओवर हे शीर्षक कसे ऐकू आले असेल?

तोडगा काय निघाला?

अल्बम मागे घेतला गेला नाही. गाण्यात वर्णद्वेष नाही, उलट ते पूर्वग्रह आणि त्यातून होणाऱ्या हिंसेच्या विरोधात आहे, अशा आशयाचे स्टिकर त्यावर लागले. रेडिओ केंद्रांनी हे गाणे वाजवू नये, अशी विनंती खुद्द स्मिथने केली. बंदी नाही, खटला नाही, जाळपोळ नाही. कलाकृतीवरून भांडण झाल्यावर दोन्ही बाजूंनी इतके शहाणपण दाखवल्याची उदाहरणे कमीच. अर्थात स्टिकर चिकटते ते पाकिटावर. रेडिओवर ऐकणाऱ्याला ते दिसत नाही. 1991च्या आखाती युद्धात हे गाणे पुन्हा अरबद्वेषासाठी वापरले गेलेच.

‘हे तर साहित्य आहे’ एवढे उत्तर पुरते का?

बँडचा बचाव कायम हाच राहिला आणि हेतूबद्दल तो खराच आहे. पण आक्षेपाचा एक भाग त्याने सुटत नाही. काम्यूंच्या कादंबरीत मेलेल्या माणसाला नाव नाही. तो फक्त ‘अरब’ आहे. गाण्याने कादंबरीतला उन्हाचा तडाखा आणि मर्सोची बधिरता उचलली, तशी ही अनामिकताही उचलली. वर ती थेट शीर्षकात आणून ठेवली. कादंबरीत निदान वाचकाला थांबून विचार करायला शंभरेक पाने मिळतात.

ही उणीव भरून काढली अल्जीरियाच्याच लेखकाने. कामेल दाऊद यांच्या ‘मर्सो, काँत्र-आंकेत’ (2013) या कादंबरीत मृताचा भाऊ हारून ओरान शहरातल्या बारमध्ये बसून दुसरी बाजू सांगतो. त्यात मेलेल्याला नाव आहे : मुसा. या पुस्तकाला 2015मध्ये पहिल्या कादंबरीसाठीचा गोंकूर पुरस्कार मिळाला.

आता गाण्याचे काय?

बँडने ते हळूहळू बाजूला सारले. 2001च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये ते नाही. पहिल्या अल्बमच्या 2004मधल्या विस्तारित आवृत्तीतही नाही. मंचावरून मात्र ते गेले नाही, शब्द बदलत राहिले. 2005च्या कार्यक्रमांत स्मिथने ‘किलिंग’ऐवजी ‘किसिंग’ गायले, नंतर ‘किलिंग अनदर’, म्हणजे ‘आणखी एकाला मारताना’. ‘अरब’ शब्द त्यातून निघाला. मुसा तिथेही आला नाही.