सरासरीत न दिसणारी साखर

शासकीय सेवेत असताना माझ्या प्रकृतीचा आढावा दर तीन महिन्यांनी होत असे, अगदी खात्याच्या कामाचा होतो तसाच. एचबीए१सी ही रक्ताची चाचणी करावयाची, अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जावयाचे, आकडा ७.१ आहे हे पाहून त्यांनी "ठीक चालले आहे" असे म्हणावयाचे आणि पुढील तिमाहीपर्यंत प्रकरण बंद. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे यावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, हे त्या चाचणीचे तत्त्व. ७.१ म्हणजे सरासरी रक्तशर्करा अंदाजे १५७ मिलिग्रॅम. अनेक वर्षे मधुमेह असलेल्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला हा आकडा समाधानकारकच म्हणावयाचा.

समाधानकारक नव्हती ती माझी पहाट. घामाने अंग भिजून जाग येई, हातापायांना कंप असे, आणि सकाळी डोके जड होई. २०२४ च्या जानेवारीत डॉक्टरांनी माझ्या दंडाच्या मागील बाजूस एक सेन्सर बसविला. मोठ्या नाण्याएवढी ही चकती असते. तिच्या खालचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली राहतो आणि तेथील साखरेचे मोजमाप दर काही मिनिटांनी मोबाइलवर पाठवितो. चौदा दिवसांनी ती काढून नवी लावावयाची. दुसऱ्या दिवशी सकाळी आलेख पाहिला आणि मी चकित झालो. पहाटे तीन वाजता साखर ५८ पर्यंत खाली गेली होती, तर न्याहारीच्या पोह्यांनंतर ती २४६ वर चढली होती. या दोन्ही टोकांना पोटात घालून ७.१ हा सभ्य आकडा तयार होत होता. अहवाल खोटा नव्हता, पण तो सांगत असलेल्या सरासरीवर मी दिवसातून जेमतेम चार वेळा, तेही वर जाताना किंवा खाली येताना, क्षणभर उभा असे.

मला त्या वेळी आठवले ते जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान. जिल्हाधिकारी असताना एका वर्षी आमच्या जिल्ह्याचा पाऊस कागदावर जवळजवळ पुरेसा होता. डोंगराकडील दोन तालुक्यांत पूर आला होता आणि पठारावरील तिसऱ्या तालुक्यात पेरण्या वाळल्या होत्या. बेरीज करून भागाकार केल्यावर सर्व काही ठीक होते. त्या तिसऱ्या तालुक्यातील लोकांना मदत मिळवून देण्यासाठी मला किती पत्रव्यवहार करावा लागला हे मी विसरलेलो नाही. तरीही स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मी वर्षानुवर्षे त्याच भागाकारावर विसंबून राहिलो.

वैद्यकशास्त्राने या अनुभवातून काही शिकून घेतले आहे, आणि प्रशासनाने ते पाहण्याजोगे आहे. २०१९ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने असे ठरले की केवळ सरासरी न पाहता साखर ७० ते १८० या पट्ट्यात किती वेळ राहते ते पाहावे. बहुतेक रुग्णांसाठी हा वेळ ७० टक्क्यांहून अधिक, म्हणजे दिवसाचे सुमारे सतरा तास असावा. ७० च्या खाली चार टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभरापेक्षा कमी वेळ जावा, आणि ५४ च्या खाली एक टक्क्याहून, म्हणजे साधारण पाव तासाहून कमी. खालच्या बाजूची मर्यादा एवढी कडक का, तर वाढलेली साखर बहुधा वर्षांच्या हिशेबाने नुकसान करते, फार उतरलेली साखर मात्र काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करू शकते. शिवाय वृद्ध आणि जोखमीच्या रुग्णांसाठी हीच उद्दिष्टे वेगळी आहेत. त्यांनी ५० टक्के वेळ पट्ट्यात राहिले तरी चालेल, पण ७० च्या खालचा वेळ एक टक्क्याहून कमीच हवा. उद्दिष्ट सर्वांना सारखे लावावयाचे नाही आणि सर्वांत दुबळ्याच्या बाबतीत तात्काळ धोक्याला सर्वांत कमी वाव ठेवावयाचा, हे तत्त्व आपल्या किती योजनांच्या उद्दिष्टांत उतरले आहे?

पण म्हणून "सतत पाहा, सर्व काही मोजा" हा धडा मी काढणार नाही. सेन्सरबरोबरच्या पहिल्या महिन्याने मला त्याची दुसरी बाजूही दाखविली.

एका रात्री दोन वाजता मोबाइलचा इशारा वाजला. साखर ५२! पत्नी धावत जाऊन साखरेचे पाणी घेऊन आली. सुदैवाने पिण्याआधी बोटाला सुई टोचून पाहिले तर साखर ११२ होती. ज्या दंडावर यंत्र होते त्याच दंडावर मी झोपलो होतो. अंगाचा भार पडला की तेथील ऊतींमधला प्रवाह मंदावतो आणि यंत्र खोटा नीचांक दाखविते. एरवीही हे यंत्र थेट रक्तातील साखर मोजत नाही. ते पेशींमधल्या द्रवातील साखर मोजते आणि म्हणून प्रत्यक्षाच्या पाच ते पंधरा मिनिटे मागे असते. साखर वेगाने बदलत असताना, किंवा अंगाला जाणवते ते आणि पडद्यावर दिसते ते जुळत नसेल तेव्हा, बोटाला सुई टोचावीच लागते. वरून दाब आला की खालचा आकडा बिघडतो हे आम्हा अधिकाऱ्यांना कोणी शिकवावयास नको. आमच्याकडे दाबाने आकडे फुगतात एवढाच फरक. शौचालये, लसीकरण, शाळेतील पटसंख्या, कोणतेही विवरणपत्र घ्या, प्रत्यक्ष जाऊन केलेल्या तपासणीला पर्याय नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची. जेवणानंतर आलेख चढताना दिसला की मला राहवत नसे. मी इन्सुलिनचा जादा डोस घेई. तासाभराने आकडा अजून वरच दिसला की आणखी थोडे. जलद इन्सुलिनचाही परिणाम सुमारे चार तास टिकतो, त्यामुळे सर्व डोस एकत्र काम करू लागले की साखर कोसळे. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आजाराला नव्हे, पडद्याला औषध देत आहात." राजधानीतील पडद्यावर एखादा तालुका लाल दिसताच सकाळी एक आदेश, दुपारी स्मरणपत्र आणि संध्याकाळी दृक्श्राव्य बैठक, हे करणारे अनेक वरिष्ठ मी पाहिले आहेत. काही काळ मीही त्यांपैकीच होतो. पहिल्या आदेशाला काम करण्यास लागणारा वेळ आम्ही कधी दिलाच नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो.

उत्तर भारतातील एका जिल्ह्यात २००९ साली मी परीक्षेतील कॉपीविरुद्ध मोहीम राबविली होती. त्या वेळी मी काढलेल्या आदेशात एक वाक्य होते, 'किसी भी परिस्थिति में कोई भी इलेक्ट्रॉनिक उपकरण' केंद्रात नेता येणार नाही. मोहीम यशस्वी झाली, माझे कौतुकही झाले. पुढे दरवर्षी तोच मसुदा तारीख बदलून निघत राहिला.

२०२२ च्या मार्चमध्ये, मी सचिवालयात असताना, त्याच जिल्ह्यातून बदलून आलेला एक कनिष्ठ लिपिक माझ्याकडे आला. त्याच्या मुलीला आठव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह होता. नातेवाइकांच्या मदतीने तिला सेन्सर घेऊन दिला होता. त्याचा इशारा मोबाइलवर येतो, आणि मोबाइल तर फाटकावरच काढून घेतला गेला. केंद्रप्रमुखांनी आदेशाची प्रत दाखविली. गणिताच्या पेपरात साखर उतरली. इशारा वाजला असेल तो फाटकाजवळच्या टेबलावर. मुलीला समोरची अक्षरे पुसट दिसू लागली आणि शेवटची दोन पाने कोरी राहिली. तक्रार करावयास तो आला नव्हता. उरलेल्या पेपरांसाठी अर्ज कोणाकडे करावा एवढेच त्याला विचारावयाचे होते. त्याने पुढे केलेल्या आदेशाच्या प्रतीत माझेच वाक्य होते, शब्दही न बदललेले.

मी काय केले? अर्जावर शेरा लिहिला, 'नियमानुसार परीक्षण कर प्रस्तुत करें।' फाइल परत आली तेव्हा परीक्षा संपली होती.

असे प्रकरण प्रथमच घडत होते असे नव्हते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्येच मधुमेही परीक्षार्थींना खाद्यपदार्थ व पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली होती. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना कळविले की टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना परीक्षेत सेन्सर व इन्सुलिन पंप जवळ ठेवू द्यावा, आणि त्याला जोडलेला मोबाइल पर्यवेक्षकाकडे ठेवावा. किती सोपा उपाय! कॉपी थांबते आणि मूलही सुरक्षित राहते. या दोन ओळी लिहिण्यास मला २०२२ मध्ये पाच मिनिटे लागली असती. त्या सुचल्या नाहीत, कारण साखर उतरणे म्हणजे काय हे मला कागदावरूनच माहीत होते. स्वतःच्या पहाटेच्या घामाला तेव्हा मी वयाचा परिणाम समजत होतो.

सेन्सरचा मासिक खर्च कित्येक हजार रुपये आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. सर्वांच्या दंडावर यंत्र लावा असे मी म्हणणार नाही. बहुतेकांना आधी नियमित औषध, इन्सुलिन आणि बोटावरच्या तपासणीच्या पट्ट्या हव्यात. परंतु टाइप १ च्या मुलांना प्राधान्य देता येते. केरळने 'मिठाई' या योजनेद्वारे अशा मुलांची जबाबदारी घेऊन दाखविली आहे. २०१८ ची आयुष्मान भारत विमा योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देते. तपासणीची पट्टी मात्र घरी लागते, आणि ती वेळेवर मिळाली तर दाखल होण्याची वेळच अनेकांवर येणार नाही. तसेच २०२५ पर्यंत ७.५ कोटी रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट केंद्राने २०२३ मध्ये जाहीर केले होते. त्याचा हिशेब मांडताना किती जण नोंदले गेले यासोबत किती जण नियंत्रणात राहिले हेही मांडावे.

आणि सेवेतील तरुण सहकाऱ्यांना एक विनंती. आदेशाच्या मसुद्यात 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द आले की सही करण्यापूर्वी थांबा. अपवादाचा अर्ज कोणाकडे करावयाचा आणि त्यावर किती तासांत निर्णय होईल, हे त्याच परिच्छेदात लिहा. गतवर्षीचा मसुदा समोर आला असेल तर मागील वर्षी त्याने कोणाला अडविले हे फाटकावरच्या माणसाला विचारा. ते विवरणपत्रात आलेले नसते.