बांधावरचा हिरवा साग

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आंबा घाटानें कोंकणांत उतरण्यापूर्वीं मलकापुरास आमचा मुक्काम पडला. यजमानांच्या शेताच्या बांधावर सागाचीं पंधरावीस झाडें आहेत. बहुतेकांची कोंवळी पालवी अळ्यांनीं फस्त केली होती. शिरा तेवढ्या उरल्या होत्या. मधोमध एकच झाड मात्र हिरवेंगार उभें होतें. घरांतील वडील मंडळी म्हणालीं, “याच झाडाचें बीं धरूं आणि नातवंडांसाठीं सारा माळ लावूं.” बेत मोलाचा खरा, परंतु सागाच्या लागवडींतली चूक पुढच्या पिढीच्या पदरीं पडते, म्हणून याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

सागाचीं पानें खाणाऱ्या अळ्या मुख्यतः दोन. हिब्लिया प्युएरा या पतंगाची अळी कोंवळ्या पालवीवर तुटून पडते. दुसरी मागाहून येऊन जून पानांची जाळी करते. पहिलीचा उपद्रव अधिक. तिनें झाड सहसा मरत नाहीं, पण पुन्हां पालवी फोडण्यांत त्याची शक्ति खर्च होऊन वाढ खुंटते. केरळांतील वनसंशोधन संस्थेनें निलंबूरच्या तरुण लागवडींत अळीपासून राखलेलीं व न राखलेलीं झाडें ताडून पाहिलीं, तेव्हां लांकडाच्या संभाव्य वाढींतील सुमारें 44 टक्के भाग बुडाल्याचें आढळलें.

मग हिरवें राहिलेलें झाड जात्याच कणखर समजावें काय? इतकी घाई नको. कर्नाटकांत ‘तेली’ नांवाचा साग आहे. त्यास इतरांहून लवकर पालवी फुटते. अळ्यांची धाड येईपर्यंत पानें जून होतात व तो वांचतो. येथें वेळ साधते, एवढेंच. पुष्कळदां तर धाड शेजारीं पडली आणि हें झाड सुटलें, असा निव्वळ योगायोगहि असतो.

म्हणून आमची सूचना अशी. झाडास चुन्याचा पट्टा ओढावा. पालवी केव्हां फुटली, अळी केव्हां आली, किती पानें गेलीं, याची नोंद शेजारच्या झाडांसह चारपांच वर्षें ठेवावी. दर वर्षीं तेंच झाड वांचलें आणि त्याचा बुंधाहि सरळ असला, तरच तें निवडावें. बियांत शेजारच्या झाडांचाहि अंश उतरतो. तेव्हां हाच गुण हवा असल्यास त्या झाडाचा डोळा रोपावर भरावा. मात्र सारा माळ एकाच झाडाच्या कलमांनीं भरूं नये. एकाच रक्ताच्या झाडांवर उद्यां नवी कीड आली, तर सगळींच एकदम सांपडतील. अशीं पारखलेलीं निरनिराळीं झाडें घ्यावींत.

नोंदीची वही घरांतील मुलांच्या हातीं द्यावी. सावली त्यांनाच मिळावयाची आहे. पारखहि त्यांचीच असूं द्यावी.