गोळीसाठी खाडा का?

आष्ट्याहून सांगली फार लांब नाही. पण मनाच्या आजाराची गोळी आणायला दर महिन्याला एसटीने तिथले सिव्हिल हॉस्पिटल गाठायचे, तर शेतमजुराचा त्या दिवशीचा हजेरीचा पैसा बुडतो. सोबत जाणाऱ्याचाही बुडतो. मग गोळी सुटते, आजार उलटतो आणि घरचे देवऋष्याकडे वळतात. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. देवऋषी निदान गावात भेटतो.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला. कलम १८ प्रमाणे सामुदायिक आरोग्य केंद्र आणि त्यावरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात अत्यावश्यक यादीतली औषधे कायम मोफत मिळायला हवीत. म्हणजे आष्टा ज्यात येते त्या वाळवा तालुक्यातल्या माणसाला त्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागता कामा नये. २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत मानसिक विकारांच्या ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले होते. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक २०२२पासून आहे, उपयोगीही आहे. पण फोनवरून गोळी हातात पडत नाही.

आष्ट्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञांचा ठरलेला वार हवा, शक्यतो आठवडी बाजाराचाच. आणि औषधांच्या शिल्लक साठ्याचा फलक दारावर लागावा.